वाचणारी माणसं हवी आहेत

मी नोकरीतून निवृत्त झाले त्या वर्षी विद्यापीठातल्या आमच्या इतिहास विभागाने माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठेवला होता. मी जाणार नव्हते. हडपसरहून बस बदलत जायचं, ओळखीचं कुणी भेटेल न भेटेल, आणि व्यासपीठावरून कुणीतरी "आमच्या वेळी" असं म्हणून जे सुरू होईल ते जेवणाची वेळ टळेपर्यंत चालणार. पण नवरा म्हणाला, घरात पंख्याची पाती पुसत बसण्यापेक्षा जाऊन ये. निवृत्तीनंतर मी घरातली एकही वस्तू पुसायची शिल्लक ठेवली नव्हती, हे खरंच होतं.

मेळावा वाटला होता तसाच झाला. सत्कार झाले, भाषणं झाली, एकमेकांच्या केसांवर आणि वजनावर बोलून झालं. शेवटी विभागप्रमुख बाई उभ्या राहिल्या. त्या आमच्याहून बऱ्याच लहान, पण त्याही याच विभागाच्या विद्यार्थिनी. आता देणगीचं आवाहन होणार म्हणून पुढच्या रांगेतले लोक जरा सावरून बसले.

"आपण दरवर्षी विचारता, विभागाला काय हवंय," त्या म्हणाल्या. "या वर्षी मला वाचणारी माणसं हवी आहेत. मोठ्याने वाचणारी."

एम. ए.च्या पहिल्या वर्षाला एक मुलगी आली होती, तिला दिसत नव्हतं. हुशार होती, वर्गात एकदा ऐकलेलं विसरत नव्हती. पण अभ्यासक्रमातली निम्मी पुस्तकं जुनी, मराठी, आणि त्यांची ब्रेल प्रत किंवा ध्वनिमुद्रण कुठेच मिळत नव्हतं. माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेले. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्याचं त्यांनी मला न विचारता सांगितलं होतं. ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, "अहो, हल्ली मोबाइल वाचतो की सगळं."

बाईंनी शांतपणे सांगितलं की नवीन छपाई मोबाइल वाचतो. जुन्या पिवळ्या पानांचा फोटो काढला की जोडाक्षरांचा चुरा होतो आणि मोबाइल त्यातून काहीही वाचतो. गृहस्थांनी "बरं" एवढंच म्हटलं आणि घड्याळ पाहिलं.

मी हात वर केला. त्यात मोठं काही नव्हतं. मला मोठ्याने वाचायला आवडतं, इतकंच. माझे वडील कॅम्पात घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. आम्ही घरात आमची दखनी बोलायचो, पण शाळा माझी मराठी, त्यामुळे संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी त्यांना मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम माझं. डोळ्याला भिंग लावून ते काम करत आणि मी स्टुलावर बसून अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळं वाचत असे. पुढे मी टेलिफोन खात्यात लागले, तिथेही आवाजाचंच काम. नोकरी करता करता या विद्यापीठातून एम. ए. केलं. आमच्या दोन खोल्यांत पुस्तक उघडायला जागा नसायची, म्हणून सुट्टीच्या दिवशी विद्यापीठाच्या ग्रंथालयात येऊन बसायचे. तिथल्या लांब टेबलाची एक बाजू आपली आहे असं वाटण्याचं जे सुख मला तेव्हा मिळालं, ते नंतर स्वतःचं घर झाल्यावरही तसं मिळालं नाही.

पुढच्याच आठवड्यात ग्रंथालयात तिची माझी भेट ठरली. ती आईबरोबर आली होती. त्यांचं गाव खडकवासल्याच्या पलीकडे, धरणाच्या कडेकडेने आत गेल्यावर लागतं. गावातून एसटीने स्वारगेट, तिथून दुसरी बस. विद्यापीठाच्या वसतिगृहात तिला खोली मिळाली होती, पण आईचा जीव राहत नव्हता, म्हणून ती अधूनमधून येऊन जायची. आई माझ्याशी अवघडून बोलली. म्हणाली, "ताई, पोरगी लई हट्टी हाय. चुकलं तर सांभाळून घ्या." मुलगी हसली आणि पांढरी काठी घडी करून तिने पिशवीत ठेवली. ती लहान चणीची, जलद बोलणारी होती. आईशी गावचं बोलायची आणि माझ्याकडे वळली की पुस्तकातलं.

मी वाचायला सुरुवात केली. आपला आवाज चांगला आहे हे मला ठाऊक होतं. खात्यात लोक मुद्दाम माझ्याकडे फोन जोडून मागत. मी जिथे थांबायला हवं तिथे थांबत होते, लढाईचं वर्णन आलं की जोर देत होते, एका पत्रातल्या करुण ओळी मी हळुवार केल्या. पान उलटायच्या आत तिने मला थांबवलं.

"मॅडम, राग नका मानू. पण तुम्ही माझ्या आधीच ठरवताय."

"काय ठरवतेय?"

"कुठे वाईट वाटायचं ते. तुम्ही सरळ वाचा ना. मी वाचतेय असं मला वाटू द्या."

मग तिने मला कामाच्या गोष्टी सांगितल्या. पान बदललं की पानाचा आकडा सांगायचा. अवतरण सुरू झालं, संपलं, असं म्हणायचं. तळटीप आली की तिथेच वाचायची, मागे ठेवायची नाही. अनोळखी नाव आलं तर अक्षरं फोडून सांगायची. मी सगळं ऐकून घेतलं, पण मनातून खट्टू झाले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. म्हणाला, इतक्या वर्षांत तुला थांबवणारं माणूस मला एकदा बघायचंय.

हळूहळू मी सरळ वाचायला शिकले. ते अवघड असतं. स्वतःला बाजूला ठेवून वाक्य पुढे सरकवायचं. पण तसं वाचू लागले आणि माझ्या लक्षात आलं की एम. ए.ला असताना जी पुस्तकं मी घाईघाईने परीक्षेपुरती वाचली होती, ती आता पहिल्यांदाच मला नीट कळत होती.

ग्रंथालयात भेटून वाचणं पुरेसं होईना, तेव्हा मी घरी फोनवर ध्वनिमुद्रण करून तिला पाठवू लागले. हडपसरला आमच्या इमारतीखाली भाजीवाले, समोर रिक्षांचा थांबा, मागे लग्नाचं कार्यालय. शांतता म्हणून नाहीच. शेवटी मी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून आतल्या खोलीत कपाटाचं दार उघडं ठेवून, आत लटकलेल्या कपड्यांकडे तोंड करून वाचायचे. कपडे आवाज शोषून घेतात हे तिनेच सांगितलं होतं. नवरा दाराची बेल वाजू नये म्हणून बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचा. आमचं हार्डवेअरचं दुकान मुलाने हातात घेतल्यापासून त्यालाही काम हवंच होतं. तरी दूधवाल्याची शिट्टी, कुणाचा कुकर, नवऱ्याचा खोकला हे सगळं पुस्तकात जायचंच. एकदा तिने मला विचारलं, "काकांना डॉक्टरकडे नेलं का? मागच्या प्रकरणापेक्षा खोकला वाढलाय." मी नेलं. छातीत कफ साठला होता, औषधाने बरा झाला.

त्या सुमारास ती मला मॅडमऐवजी काकू म्हणायला लागली.

तिच्या दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर माझा आवाज बसू लागला. आधी वाटलं थंडीचं असेल. मध, आलं, गुळण्या सगळं झालं. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं आणि सांगितलं की स्वरतंतूवर गाठ आहे. गाठ साधी निघाली, पण ती काढायची, आणि त्यानंतर काही आठवडे तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मी कुजबुजत विचारलं, कुजबुजलं तर चालेल का? डॉक्टर म्हणाले, कुजबुजणं तर मुळीच नाही, त्याने जास्त ताण येतो.

मला माझ्या घशाची भीती वाटली, हे कबूल करायला हरकत नाही. पण त्याहून जास्त काळजी तिच्या अभ्यासाची वाटत होती. परीक्षा जवळ आली होती. तिचा प्रबंध पुण्याच्या पाण्याबद्दल होता. शहराला पाणी कसं आलं, ते जिथून आलं तिथल्या गावांचं काय झालं. त्यासाठी एक जाडजूड जुनं पुस्तक तिला हवं होतं, आणि ते ग्रंथालयातून बाहेर न्यायला परवानगी नव्हती. कुणीतरी तिथे बसूनच वाचायला हवं होतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. बराच वेळ नुसते जोडलेले हात आणि फुलं येत राहिली. लवकर बरे व्हा, आपलं कार्य महान आहे. मला चीड आली. मी फोन उलटा करून ठेवला.

इस्पितळातून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी फोन वाजला. नवऱ्याने उचलला. मेळाव्यात माझ्या शेजारी बसलेले ते बँकवाले गृहस्थ बोलत होते. नवऱ्याने स्पीकर लावला.

"मोबाइल वाचत नाही, असं अखेर सिद्ध झालं म्हणायचं," ते म्हणाले. "मी वाचेन. तुमच्या पत्नीला विचारा, मी पोटफोड्या ष वेगळा उच्चारतो, त्या मुलीला चालेल ना? नसेल चालत तर आत्ताच सांगा, या वयात मी बदलणार नाही."

बोलायची बंदी म्हणून मी एक पाटी जवळ ठेवली होती, तिच्यावर लिहिलं, चालेल. नवऱ्याने वाचून सांगितलं.

त्याच दिवशी आणखी एकीचा निरोप आला. ती माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी विभागात शिकलेली, आता सरकारी अधिकारी. आमची नुसती तोंडओळख होती. त्यांच्या वस्तीतल्या विहाराच्या छोट्या वाचनालयात बसून ती शिकली आणि घरातून विद्यापीठात पोचलेली पहिलीच. तिने लिहिलं होतं की ती एम. ए.ला आली तेव्हा वरच्या वर्गातल्या एका मुलीने आपली सगळी पुस्तकं तिला दिली, आणि देताना आपलं नाव लिहिलेली पानं काढून टाकली, म्हणजे परत करायचा प्रश्नच उरू नये. त्या मुलीचा पत्ता पुढे लागला नाही. "रविवार माझा मोकळा असतो," एवढंच शेवटी होतं. तिने खरोखरच त्या दिवसापासून दर रविवारी वाचलं, आणि तिच्या ध्वनिमुद्रणात पानाचा आकडा कधी चुकला नाही.

जरा बरं वाटल्यावर मी ग्रंथालयात गेले. बोलता येत नसलं तरी बघायला काय हरकत होती. लांब टेबलापाशी गृहस्थ चष्मा नाकावर ओढून ते जाडजूड पुस्तक वाचत होते आणि ती समोर बसून ऐकत होती. मी जवळ गेले. गृहस्थांनी मान वर केली आणि तिला सांगितलं, "तुझ्या काकू आल्यात."

ती ताडकन उभी राहिली. "काकू?" म्हणाली आणि थांबली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी पाटी बरोबर आणली होती, सगळ्यांशी तशीच बोलत होते. पण ती पाटी हिच्या काय कामाची? मला बोलता येत नव्हतं आणि तिला दिसत नव्हतं. आम्ही दोघी समोरासमोर नुसत्या उभ्या राहिलो. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो धरला, माझी बोटं चाचपली, आणि मग आपला उजवा तळहात माझ्यापुढे उघडा केला.

"बोला," ती म्हणाली. "मी चौथीपर्यंत पाटीवर लिहायचे. अक्षरं आठवतात मला."

तिची नजर चौथीत कमी होत गेली होती, हे मला माहीत होतं. पण त्याआधीची अक्षरं तिच्याकडे तशीच आहेत हे मला कधी सुचलं नव्हतं. मी तिच्या तळहातावर बोटाने लिहिलं. काय लिहावं ते कळेना, म्हणून जे आलं ते लिहिलं. च, मग हा.

"चहा," ती म्हणाली आणि मोठ्याने हसली. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी शूः केलं. मग मी लिहीत गेले आणि ती हळू आवाजात म्हणत गेली. कशी आहेस. जेवलीस का. अभ्यास. स तिला लगेच कळला, भ्यावर अडली, तो मी दोनदा काढला. माझे डोळे भरून आले होते, पण ते तिला सांगायची गरज नव्हती आणि मी लिहिलंही नाही.

गृहस्थांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "चहाचं ठरत असेल तर आम्हीही इथेच आहोत," ते म्हणाले.

आम्ही तिघं उपाहारगृहात गेलो. चहा पिताना त्यांनी मला सांगितलं, म्हणजे ते बोलले आणि मी मान हलवली, की पत्नी गेल्यापासून त्यांच्या घरात दिवसभर कुणाचा आवाज नसतो. पहिल्या दिवशी त्या मुलीला वाचून दाखवताना त्यांचा घसा सुकला, तेव्हा त्यांना कळलं की आपण किती दिवसांत धड बोललेलोच नाही. हे सांगून झाल्यावर ते लगेच उपाहारगृहाच्या चहाला नावं ठेवू लागले. त्यांचं म्हणणं, साखर यांना सरकारकडून फुकट येत असावी.

माझा आवाज परत आला, पण पूर्वीचा नाही. जरा खरखरीत झाला, वरचे सूर गेले. मी तिला पहिल्यांदा फोन केला तेव्हा ती म्हणाली की हा पण चांगला आहे, फक्त सवय करावी लागेल. परीक्षा झाली. प्रबंध झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या प्राध्यापकांनी तिला विचारलं की गावांबद्दलचं शेवटचं प्रकरण इतकं छोटं का. ती म्हणाली, त्या गावांबद्दल पुस्तकांत एवढंच लिहिलेलं आहे, बाकीचं माणसांना माहीत आहे. मग पुढे जाऊन माणसांना विचारा, ते म्हणाले. तिने ते मनावर घेतलं आणि पीएच. डी.ला प्रवेश घेतला.

आता विभागात आणखी दोन विद्यार्थी आहेत ज्यांना दिसत नाही. एक मुलगा जालन्याकडचा, एक मुलगी हडपसरचीच. वाचणारे लोक वाढलेत. आमच्यातलं कुणी नोकरीवर जाताना बसमधून उतरून पाच-दहा मिनिटं बागेत बसून वाचतं, कुणी परदेशातून पाठवतं. नवीन वाचणारा आला की त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण आधी तिच्याकडे जातं. ती ऐकते आणि काय सुधारायचं ते सांगते. बँकवाले गृहस्थ तिला परीक्षक म्हणतात आणि तिला घाबरतात, निदान तसं दाखवतात.

ती स्वतः मात्र बरेचदा गावाकडे असते. खडकवासल्याच्या वरच्या अंगाला नवं धरण झालं तेव्हा गाव सोडून उठून आलेल्या म्हाताऱ्या बायकांशी बोलते, त्यांचं बोलणं फोनवर घेते. तिच्या आईची सगळ्यांशी ओळख, ती बरोबर असते. बायका तिच्याशी मोकळं बोलतात. आपल्या तोंडाकडे कुणी टक लावून बघत नाही म्हणून असेल, किंवा ती मध्ये बोलत नाही म्हणून असेल. ते सगळं बोलणं कागदावर उतरवायचं काम तिने माझ्याकडे दिलंय. मी विचारलं की हे काम तू दुसऱ्या कुणा तरुणाला का देत नाहीस. म्हणाली, "त्यांना ‘हाय’ ऐकलं की ‘आहे’ लिहायची सवय असते. तुम्ही जसं ऐकाल तसंच लिहाल."

म्हणून आता सकाळी मी कानाला हेडफोन लावून बसते आणि टंकत जाते. परवा एक आजीबाई बोलत होत्या. नवीन लग्न होऊन त्या गावात गेल्या होत्या, घर अजून ओळखीचंही झालं नव्हतं, तेवढ्यात गाव उठलं. सामान बैलगाडीत घातलं, जातं वर ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "समद्यात वंगाळ वाटलं ते सवतीचं. सवतीला पाण्यात सोडून आलो आमी."

मी हात आखडून बसले. पुन्हा ऐकलं. तेच शब्द. नवीन लग्न, घरात सवत, आणि तिला पाण्यात सोडून आले? आजीबाईंचा आवाज मात्र साधा होता. मी तिला फोन लावला. तिलाही आठवेना की हे बोलणं कशाबद्दल होतं. म्हणाली थांबा, आईला विचारते, आणि फोन तसाच चालू ठेवला. पलीकडे आईचं हसणं ऐकू आलं, मग आईच फोनवर आली.

"अवो ताई, सवत म्हंजी शेत. तसंच नाव हुतं त्याचं. मोठ्या वावराच्या शेजारी हुतं ना, दोघांत पाण्यावरनं कायम भांडान. म्हून सवत. भात लई गोड यायचा म्हन्त्यात."

मी विचारलं, ते शेत आता कुठे असेल?

"पाण्याखाली हाय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पाणी लई खाली गेलं की बांध दिसतो. येक डाव चला, दावते."

मी तिला सांगितलं, नक्की येईन, बँकवाल्यांनाही आणते, त्यांनी भात कधी शेतात पाहिलेला दिसत नाही. मग फोन ठेवला, कंसात ‘शेताचं नाव’ असं टंकलं, आणि आजीबाई पुढे काय म्हणतात ते ऐकू लागले.